सदतीसवर नऊ लायनी

माझ्या वहिनींना कुणी "साधी बाई आहे हो" म्हटलं की माझं डोकं फिरतं. साधी म्हणजे काय? आवाज चढवत नाहीत म्हणून साधी? दहावीनंतर कॉलेजात गेल्या नाहीत म्हणून साधी? मग मी आवाज चढवतो, माझ्याकडे दोन पदविका आहेत, म्हणून मी कोण लागून गेलो? पूर्वी हा प्रश्न विचारला असतात तर मी उत्तर दिलं असतं, आणि तेही तासभर. आमच्या घरात अकलेचा मक्ता माझ्याकडे आहे असं मी धरूनच चाललो होतो. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, घरीच शिवणकाम करतो. शिलाई मशीनच्या आवाजात त्याला कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे त्याचीही कधी हरकत नव्हती.

वहिनी हॅचरीत कामाला आहेत. हॅचरी म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायचा कारखाना. आत शिरताना जंतुनाशकात बूट बुडवायचे, डोक्यावर टोपी चढवायची, मग एक लांबट खोली लागते. तिथे कपाटाएवढी पाच यंत्रं ओळीने उभी आहेत आणि प्रत्येकात चार हजार आठशे अंडी. पंखे सतत घुमत असतात, त्यामुळे तिथली माणसं घरीसुद्धा ओरडून बोलतात. वहिनी सोडून. अठरा दिवस अंडी या यंत्रांत, शेवटचे तीन दिवस पलीकडच्या खोलीत, आणि एकविसाव्या दिवशी नुसता चिवचिवाट. या अठरा दिवसांत सांभाळायची मुख्य गोष्ट म्हणजे उष्णता. सदतीस पॉइंट दोनच्या खाली जायची नाही आणि सदतीस पॉइंट आठच्या वर चढायची नाही. मधे जागा किती, तर अर्ध्या अंशाहून जराशी जास्त.

वहिनी पॉइंट म्हणत नाहीत, लायनी म्हणतात. काचेच्या जुन्या तापमापकावर सदतीस आणि अडतीस यांच्यामध्ये बारीक लायनी असतात, दर लाईन म्हणजे अंशाचा दहावा भाग. "सदतीसवर पाच" असलं की छान. "सदतीसवर आठ" झालं की उठा आणि यंत्राचा झरोका उघडा. हे त्यांना तिथल्या जुन्या मुकादम बाईंनी शिकवलं. त्याच बाईंनी आणखी एक शिकवलं. ट्रेच्या मधोमधचं अंडं उचलायचं, डोळा मिटायचा, अंड्याचं जाड टोक पापणीला लावायचं, मनात चार आकडे मोजायचे, ठेवून द्यायचं. तळहात दिवसभर गरम पाण्यात ट्रे धुऊन निबर झालेला असतो, त्याला काय डोंबल कळणार? पापणी कोवळी असते, तिला कळतं.

आता हे ऐकून लोक म्हणतात, वा, काय उपजत देणगी! देणगी कसली? वहिनी पहिलं वर्षभर रोज आधी पापणीला अंडं लावायच्या, आकडा मोठ्याने बोलायच्या आणि मग तापमापक बघायच्या. चुकल्या की किती लायनींनी चुकल्या ते एप्रनच्या खिशातल्या वहीत लिहायच्या. सुरुवातीला चार-चार लायनींनी चुकत होत्या. वर्षाअखेरीस एका लायनीवर आल्या. मी ती वही पाहिली आहे. माझ्या दोन्ही पदविकांसाठी मिळून मी एवढा अभ्यास केला नाही, शपथ घेऊन सांगतो.

मी त्याच हॅचरीत संगणकाचं काम बघतो. वहिनींनी मालकीणबाईंकडे शब्द टाकला म्हणून लागलो, पण हे मी चारचौघांत सांगत नसे. मालकीणबाई म्हणजे तडकाफडकी कारभार. एके दिवशी त्यांनी पाचही यंत्रांत सेन्सर बसवून घेतले, तापमापक अडगळीच्या खोलीत पाठवले आणि मला म्हणाल्या, "मला आकडे दाखवत बसू नका. ठीक आहे की नाही, एवढंच पडद्यावर दिसू दे. नसेल तर घंटा वाजवा."

म्हटलं, हा तर डाव्या हाताचा मळ. दर पाच मिनिटांनी सेन्सर एका फाईलमध्ये आकडा लिहिणार, माझी छोटीशी स्क्रिप्ट तो उचलणार, दोन मर्यादांशी ताडून बघणार. कमी असेल तर 'गार' म्हणून घंटा, जास्त असेल तर 'गरम' म्हणून घंटा, नाहीतर हिरव्या अक्षरांत 'ठीक'. बावीस ओळींचं काम. चहा निवायच्या आत लिहून झालं.

चालवलं, तर घोडं अडलं. ही स्क्रिप्ट शेलमध्ये लिहिलेली. शेल म्हणजे संगणकाला हुकूम सोडायची ती काळी खिडकी. तिच्यातल्या साध्या तुलनेला पूर्ण आकडेच कळतात. चाळीस मोठे की सदतीस, विचारा, पटकन सांगेल. सदतीस पॉइंट पाच म्हटलंत की पूर्णांक द्या म्हणून कुरकुर करते. दशांश समजणाऱ्या दुसऱ्या कमांडी असतात, मला ठाऊक होत्या, पण त्यासाठी पुन्हा उघडून बसायचं कोण? मी काय केलं, पॉइंटपासून पुढचं शेपूट छाटून टाकलं. सेन्सरच्या आकड्याचं छाटलं, आणि कुरकुर थांबेना म्हणून दोन्ही मर्यादांचंही छाटलं. कुरकुर थांबली. मग चाचणी घेतली. पस्तीस दिले, घंटा वाजली. चाळीस दिले, घंटा वाजली. सदतीस दिले, 'ठीक' आलं. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसलो.

दोन आठवड्यांनी वहिनी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आल्या. "भावोजी, तीन नंबर गरम वाटतंय."

मी पडद्याकडे बोट दाखवलं. पाच ओळी, पाच हिरवे 'ठीक'.

"ते दिसतंय मला. पण आतली अंडी सदतीसवर नऊ असावीत. एकदा आकडा बघता का?"

आकडा फाईलमध्ये होता. दोन बटणं दाबली असती तर दिसला असता. आणि मी काय म्हणालो? आजूबाजूला चारपाच माणसं डबे उघडून बसली होती, त्यांच्यासमोर मी म्हणालो, "वहिनी, आता पापणीचे दिवस गेले. यंत्र झोपत नाही, यंत्राला मोतीबिंदू होत नाही." माणसं हसली. वहिनीही थोडं हसल्या आणि परत गेल्या. हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्याच दोन मुस्काटात लगावाव्याशा वाटतात.

वहिनी स्वस्थ बसल्या नाहीत. दिवसातून चारदा तीन नंबरचं दार उघडायच्या, अंडं पापणीला लावायच्या, झरोका थोडा सारायच्या. पण पाळी संपली की पुढचा माणूस पडद्यावर 'ठीक' बघून झरोका पुन्हा लावून टाकायचा. त्याचं तरी काय चुकलं? एकविसाव्या दिवशी तीन नंबरच्या पिल्लांनी रडवलं. एरवी चार हजारांच्या वर निघतात, या वेळी तीन हजारही धड नव्हती. बरीचशी एक दिवस आधीच निघालेली, लुळी, बेंबी न मिटलेली. उरलेली अंड्यातच गेलेली. वहिनींनी मेलेली पिल्लं स्वतः वेचली, कुणाला हात लावू दिला नाही.

मालकीणबाईंनी कारण शोधलं आणि त्यांना ते लगेच सापडलं. पडदा अठराही दिवस 'ठीक' म्हणत होता. मग वेगळं काय घडलं? दार! वहिनी सारखं दार उघडत होत्या, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. "त्या डोळ्याच्या खुळापायी उष्णता ढळली," मालकीणबाई म्हणाल्या. "यापुढे दाराला हात लावायचा नाही. पुढच्या आठवड्यात नोंदवहीत कारण लिहीन, त्यावर सही करायची आणि ट्रे धुवायच्या खोलीत जायचं. पटत नसेल तर घरचा रस्ता मोकळा आहे."

वीस वर्षं झाली होती वहिनींना त्या खोलीत. आणि ती नोंदवही म्हणजे कुणीही उघडून वाचावी अशी, दारापाशी खिळ्याला टांगलेली. अख्खी खेप या बाईने घालवली असं तिच्यात लिहायचं आणि खाली तिचीच सही. वहिनी "बरं" म्हणाल्या. मी तिथेच उभा होतो. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याच्या तळाशी, खरं सांगतो, जरा बरंही वाटलं, की माझी स्क्रिप्ट निर्दोष सुटली.

तीन नंबरमध्ये नवीन अंडी भरली गेली. त्यांचा नववा दिवस होता आणि आमचा सुट्टीचा. दुपारची जेवणं झाली. दादा खिडकीपाशी कुणाच्या तरी पडद्यांना टीप घालत होता. वहिनींनी कापड बेतायच्या टेबलावरचे तुकडे बाजूला सारले, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून पसरलं आणि शिसपेन्सिलीला टोक केलं.

"भावोजी, तुमची ती स्क्रिप्ट मला कागदावर हवी होती."

"कशाला?"

"वाचते."

मला हसू आलं. पिशवीत छापलेली प्रत होती, ती दिली. म्हटलं, घ्या, वाचा, बावीस ओळी आहेत, काही अडलं तर मी आहेच. वहिनींनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय? मी सांगितलं. दुसऱ्या ओळीवर बोट. हे काय? सांगितलं. असं करत अर्धा तास गेला. एकदा सांगितलेलं त्यांनी पुन्हा विचारलं नाही, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

मग त्या म्हणाल्या, "आता मी मशीन. तुम्ही आकडा द्या, मी या कागदाप्रमाणे चालते. मनाचं काही करणार नाही."

"पस्तीस," मी म्हणालो.

बोट ओळीओळीने खाली सरकलं. "पस्तीस सदतीसपेक्षा कमी. घंटा."

"चाळीस."

"जास्त. घंटा."

"बघा! हेच तर मी सांगत होतो."

"थांबा. आता मी देते. सदतीसवर नऊ." बोट पुन्हा वरून निघालं आणि सातव्या ओळीवर थांबलं. "इथे पॉइंटपासून पुढचं कापायचं म्हणालात ना तुम्ही?"

"हो. शेलला पॉइंट कळत नाही."

"मग कापून राहिले सदतीस. मर्यादांचंही कापलंय. ही सदतीस आणि ही पण सदतीस." त्या अगदी सावकाश बोलत होत्या, खरंच मशीनसारखं. "सदतीस हे सदतीसपेक्षा कमी आहेत का? नाहीत. सदतीस हे सदतीसपेक्षा जास्त आहेत का? नाहीत. मग आलं शेवटच्या ओळीवर." आणि कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी लिहिलं, सदतीसवर नऊ, ठीक.

वहिनी पुढे निघाल्या होत्या. सदतीसवर शून्य, ठीक. सदतीसवर एक, ठीक. दोन, ठीक. एकेक आकडा घेऊन बावीस ओळी खालपर्यंत जायचं आणि उत्तर लिहायचं. दहाही लायनींचे दहा 'ठीक' एकाखाली एक झाले.

"हे असं नसतं वहिनी! हे तुम्हाला कळायचं नाही, यात बऱ्याच गोष्टी असतात!" मी ओरडलो. चोर तो चोर, वर आवाज चढवायला मोकळा.

शिलाई मशीन थांबलं. दादाने चष्मा कपाळावर सरकवला. "तू ओरडू नकोस. ती म्हणतेय ते बरोबर आहे की चूक, एवढं सांग."

बरोबर होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर होतं. मी खाली बसलो.

"तुम्ही पस्तीस आणि चाळीसने तपासलंत," वहिनी म्हणाल्या. रागाचा मागमूस नाही हो, शिकवणीतल्या पोरीशी बोलावं तसा आवाज. "अहो, चाळीस झालं तर दार उघडायचीसुद्धा गरज नाही, वासावरून कळतं. काठावर तपासायचं असतं. सातला काय म्हणतं, आठला काय म्हणतं, नऊला काय म्हणतं." मग एकदम त्या उठल्याच. "आत्ता तीन नंबर किती असेल?"

हॅचरी आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. त्या दिवशी आम्ही बारा मिनिटांत पोचलो. वहिनी पुढे, मी मागे, धापा टाकत. पाळीवरचा माणूस स्टुलावर निवांत बसला होता. समोर पाच हिरवे 'ठीक'. मी फाईल उघडली. सदतीस पॉइंट नऊ. सदतीस पॉइंट नऊ. सदतीस पॉइंट नऊ. वर वर जात राहिलो, मागच्या खेपेचे दिवस आले, वहिनींनी झरोका सारला तेवढा वेळ सोडला तर तिथेही तेच. महिनाभर ते यंत्र अडतीसला एकदाही शिवलं नव्हतं. शिवलं असतं तर घंटा वाजली असती. एका लायनीने आतल्या आत राहून त्याने आमची पिल्लं शिजवली होती, आणि या बाईने पापणीवरून नेमका तोच आकडा सांगितला होता.

वहिनींनी मालकीणबाईंचा हुकूम बाजूला ठेवून आधी झरोका उघडला. मग अडगळीच्या खोलीतून एक तापमापक शोधून आणला, पदराने पुसला आणि आत लावला. मी स्क्रिप्ट उघडली. दशांश कळणारी ती दुसरी कमांड, तिचं नावसुद्धा आठवेना.

"लायनीच मोजा ना," मागून वहिनी म्हणाल्या. "सदतीस पॉइंट नऊ कशाला म्हणायचं? तीनशे एकोणऐंशी लायनी म्हणा. तुमच्या शेलला पूर्ण आकडा हवा ना? तीनशे बाहत्तर ते तीनशे अठ्ठ्याहत्तर, यात बसतो का बघा."

दहा वर्षं मी हे काम करतोय! शेपूट छाटण्याऐवजी नुसता पॉइंट काढून टाकायचा, झालं. मर्यादाही तशाच लिहायच्या. दोन मिनिटांत बदललं आणि चालवायला बोट उचललं.

"आणि नुसते अडतीस आले तर?"

"म्हणजे?"

"मघाशी फाईलमध्ये मला एक नंबरच्या रांगेत नुसतं सदतीस दिसलं. पॉइंट शून्य नव्हतं त्याला. तसे अडतीस आले, तर तुमचं मशीन ते अडतीस लायनी धरेल ना? आणि गार पडलंय म्हणून सांगेल. पाळीवरचा माणूस काय करेल मग? आणखी तापवेल."

मी बोट खाली घेतलं. सेन्सर खरंच पूर्ण अंश असला की पॉइंट शून्य लिहीतच नसे. तापलेलं यंत्र दिसत असताना माझी नवी दुरुस्ती 'गार आहे, तापवा' म्हणून घंटा वाजवणार होती. मी आणखी एक ओळ घातली, पॉइंट नसेल तर आधी पॉइंट शून्य जोड. मग वहिनींनी आकडे सांगितले, मी एकेक देत गेलो. एक, दोन, तीन लायनी. सात, आठ, नऊ. नुसते सदतीस, नुसते अडतीस. प्रत्येक उत्तर त्यांनी आधी तोंडाने सांगितलं आणि मगच मला बटण दाबू दिलं.

चालू केलं आणि घंटा वाजली. महिन्याभरात पहिल्यांदा. पाळीवरच्या माणसाची भंबेरी उडाली, तो आग लागल्यासारखा बाहेर पळाला. वहिनींनी यंत्राच्या मागचा उष्णता कमीजास्त करायचा खटका सावकाश फिरवला, थांबल्या, बघितलं, पुन्हा जरासा फिरवला. पाऊण तासाने घंटा थांबली. काचेच्या आड पारा सदतीसवर पाचला उभा होता.

मालकीणबाई शेजारच्याच इमारतीत राहतात. घंटा वाजल्याचं कळून त्या बाहेरून परत आल्या तेव्हा सगळं शांत झालं होतं. पाळीवरच्या माणसाने काय झालं ते त्याच्या परीने सांगितलं, यंत्र तापलं, घंटा वाजली, खाली आणलं. मालकीणबाईंचा चेहरा खुलला. "बघा! याला म्हणतात व्यवस्था!" त्या माझ्याकडे वळल्या. "सुट्टीच्या दिवशी धावत आलात. तुमच्यामुळे ही खेप वाचली."

मी हो म्हणालो नाही. पण नाहीसुद्धा म्हणालो नाही.

"आणि बाई, तुम्हीही आलात ते बरं झालं. मागची नोंद राहिली आहे, उरकून टाकू." त्यांनी खिळ्यावरची नोंदवही काढली, तिथेच उभ्या उभ्या लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. दार वारंवार उघडल्याने उष्णता ढळली, खेप वाया गेली. मग वही आणि पेन वहिनींच्या पुढे केलं.

वहिनींनी पेन हातात घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. कॅलेंडरचं ते पान घडी करून त्यांच्या पिशवीत होतं, दहा 'ठीक' लिहिलेलं. ते काढून टेबलावर ठेवलं असतं तरी पुरे होतं, तोंडातून एक शब्द काढावा लागला नसता. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. किती वेळ? घड्याळात दोन मिनिटं असतील. त्या दोन मिनिटांत मी नोकरी जाण्याचा विचार केला, लोक हसतील त्याचा केला, हळूच वेगळं काही कारण पुढे करता येईल का त्याचाही केला. एवढा मोठा घोडा झालेला माणूस, आणि विचार हे असले.

मग माझ्या तोंडून निघालं, "खेप माझ्यामुळे गेली."

एकदा सुरू झाल्यावर मी थांबलो नाही. शेपूट कसं छाटलं, चाचणी कुठल्या आकड्यांवर घेतली, वहिनी सांगायला आल्या तेव्हा फाईल न उघडता त्यांचं हसं कसं केलं, आज ती चूक कुणी शोधली, दुरुस्ती कुणी सुचवली, आणि दुरुस्तीतली चूकही कुणी पकडली. मालकीणबाईंनी फाईल उघडायला लावली, ते सदतीस पॉइंट नऊचे रकाने पाहिले आणि कपाळाला हात लावून खाली बसल्या. नंतर जे बोलल्या ते मी लिहीत नाही. मला लागू होतं, सगळंच्या सगळं. शेवटी त्यांनी लिहिलेलं खोडलं, माझ्याकडून खरं कारण लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली. तापमापक पाचही यंत्रांत परत लावायला सांगितले. आणि वहिनींना म्हणाल्या, "यापुढे याने काहीही लिहिलं तर आधी तुम्ही वाचायचं. तुमची खूण असल्याशिवाय इथे काही चालू होणार नाही." वहिनी "बरं" म्हणाल्या आणि पेन त्यांना परत दिलं.

परतताना वाणसामानाच्या दुकानात वहिनींनी मीठ आणि काड्यापेटी घेतली. पुढे गेल्यावर मी विचारलं, "वहिनी, मी बोललो नसतो तर तुम्ही सही केली असती?"

"छे. खोट्यावर कशी करणार?"

"मग खरं सांगितलं असतंत."

"ते पण नाही. चूक तुमची होती, भावोजी. ती सांगायचं काम माझं नव्हतं."

"मग काय केलं असतं तुम्ही?"

"पेन ठेवलं असतं आणि घरी आले असते. उद्यापासून गेले नसते."

"वीस वर्षांचं काम सोडून? माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कशाला? मला सांगायचं नव्हतं आणि सहीही करायची नव्हती. मग दुसरं राहतं काय?" त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मी घाबरतच विचारलं, "आणि घरी? माझ्याशी कसं वागला असतात?"

वहिनींनी जरा विचार केला. स्क्रिप्टमधली एखादी ओळ वाचावी इतक्या सरळपणे उत्तर दिलं. "जेवायला रोज वाढलं असतं. बोलले असते की नाही, ते मात्र सांगता येत नाही."

मला पुढे चालवेना. चाळीस वर्षांचा माणूस मी, भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर रडलो. वहिनी माझं आटपेपर्यंत मिठाची पिशवी धरून शेजारी उभ्या राहिल्या.